ट्रायपॉडशिवाय एचडीआर : वास्तूंच्या अंतर्भागाचे छायाचित्रण

एखाद्या मोठ्या दालनात उभे राहिलेल्या माणसाला छताच्या कोपऱ्यातले नक्षीकामही दिसते आणि खिडकीबाहेरचे झाडही दिसते, कारण नजर ज्या भागाकडे वळते तिथल्या उजेडाशी डोळा जुळवून घेतो आणि मेंदू या सगळ्यातून एक सलग दृश्य उभे करतो. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, मात्र संपूर्ण चौकटीला एकच एक्स्पोजर (प्रकाशाचे एकच प्रमाण) देतो. दालनाला पुरेल इतका प्रकाश घेतला की खिडक्या पांढऱ्याफटक होतात आणि खिडक्या सांभाळल्या की दालन काळोखात बुडते. भर दुपारचे ऊन आणि बेताच्या उजेडाचे दालन यांत ८ ते १० स्टॉपचा फरक सहज असतो. दर स्टॉपला प्रकाश दुप्पट होत असल्यामुळे १० स्टॉपचा फरक म्हणजे बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा हजारपटीहून जास्त. शिवाय दालनाच्या आत खांबामागच्या सावलीपासून चकचकीत फरशीपर्यंत जो फरक असतो तो वेगळाच. आजच्या चांगल्या फुल फ्रेम सेन्सरची क्षमता सर्वांत कमी आयएसओला (टिपलेला प्रकाश किती उजळ करून दाखवायचा ते सांगणारा आकडा) सुमारे १४ स्टॉप मोजली जाते, पण त्यातले खालचे काही स्टॉप नॉइजने, म्हणजे दाणेदार ठिपक्यांनी, भरलेले असतात आणि आयएसओ वाढवत नेला की ही क्षमताही घटत जाते.

यावर उपाय म्हणून एकाच दृश्याच्या कमी-अधिक एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर त्या एकत्र जोडायच्या, ही एचडीआरची (हाय डायनॅमिक रेंज) मूळ कल्पना आहे. ट्रायपॉड असेल तर हे काम सरळ असते. परंतु अनेक वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला मनाई असते, काही ठिकाणी वर्दळीमुळे तो लावणे योग्य नसते, आणि पुष्कळदा तो आपल्याजवळ नसतोच. अशा वेळी हातात कॅमेरा धरूनही उत्तम एचडीआर चित्र मिळू शकते. त्यासाठी सगळे निर्णय मालिकेतल्या सर्वांत उजळ फ्रेमपासून उलट दिशेने घ्यावे लागतात. बहुतेक जण मधली फ्रेम नीट बसवतात आणि बाकीच्या कॅमेऱ्यावर सोडून देतात. मग उजळ फ्रेम हलते, आणि सावल्यांचा सगळा तपशील त्याच फ्रेममधून यायचा असल्यामुळे चित्र तिथेच बिघडते.

प्रत्येक अंतर्भागाला एचडीआरची गरज नसते, हेही आधीच सांगायला हवे. चौकटीत खिडकी येत नसेल, किंवा आभाळ भरून आलेले असल्यामुळे बाहेरचा उजेड मंद असेल, तर थोडी अंडर (गरजेपेक्षा गडद) ठेवलेली एकच रॉ फ्रेम (सेन्सरची कच्ची माहिती जपणारी फाइल) पुरते आणि तिच्यातून सावल्या उचलून काढलेले चित्र अधिक स्वच्छ दिसते. एक चाचणी फ्रेम घ्यावी, हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जळून कोरे पांढरे होणार नाहीत इतपत एक्स्पोजर कमी करावे आणि सावल्यांमध्ये आपल्याला हवा तो तपशील उरतो का ते पाहावे. उरत नसेल तरच पुढचा खटाटोप करावा.

सर्वांत उजळ फ्रेमपासून हिशेब

हातात धरून किती शटर स्पीडपर्यंत फ्रेम स्थिर येते याचा जुना नियम असा आहे की सेकंदाचा छेद लेन्सच्या फोकल लेंग्थइतका तरी असावा. १६ मिमी लेन्सला १/१५, २४ मिमी लेन्सला १/२५, ५० मिमी लेन्सला १/५०. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात फोकल लेंग्थला १.५ किंवा १.६ने गुणून मग हा नियम लावावा. ज्यांचा सेन्सर जास्त मेगापिक्सेलचा आहे त्यांनी याच्या दुप्पट वेगवान शटर धरले तर बरे. वास्तूंच्या अंतर्भागासाठी वाइड लेन्स वापरली जाते, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे, कारण तीच लेन्स हाताचे हलणे सर्वांत जास्त झाकते.

लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर या मर्यादेच्या पुढे जाता येते. उत्पादक जेवढे स्टॉप सांगतात ते मोजणीच्या ठरावीक परिस्थितीतले असतात. मालिकेतली एकेक फ्रेम खात्रीने स्थिर यायला हवी असल्यामुळे मी त्यातले दोनच स्टॉप, फार तर तीन, हिशेबात धरावेत असे सुचवेन. म्हणजे १६ मिमी लेन्सला वर सांगितलेला दुप्पट वेग, १/३०, धरला आणि स्थिरीकरण असेल तर १/८ सेकंद ही निर्धास्त मर्यादा मानावी आणि १/४ ही काळजीपूर्वक गाठण्याची. हा आकडा प्रत्येकाच्या हातागणिक बदलतो, म्हणून घरीच एखाद्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहून वेगवेगळ्या शटर स्पीडच्या दहा-दहा फ्रेम घ्याव्यात, त्या १०० टक्के मोठ्या करून पाहाव्यात आणि दहापैकी नऊ जिथे स्वच्छ येतात तो वेग आपला समजावा.

आता उदाहरण घेऊ. मंद उजेडाचे दालन आहे, लेन्स १६ मिमी, अॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/४. आयएसओ १६०० ठेवल्यावर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर १/३० सेकंद दाखवतो. ही मधली फ्रेम. तिच्यापेक्षा दोन स्टॉप उजळ फ्रेम १/८ची, म्हणजे आपल्या मर्यादेवर नेमकी बसणारी, आणि दोन स्टॉप गडद फ्रेम १/१२५ची. मीटरने १/३०ऐवजी १/८ दाखवले असते तर उजळ फ्रेम १/२ सेकंदाची झाली असती आणि ती हातात टिकली नसती. मग आयएसओ वाढवणे, अॅपर्चर उघडणे किंवा अधिक उजेडाची वेळ पाहणे हेच मार्ग उरतात. मधल्या फ्रेमचा शटर स्पीड आपल्या मर्यादेपेक्षा दोन स्टॉप वेगवान असलाच पाहिजे, एवढे एक सूत्र लक्षात राहिले तरी पुष्कळ.

आयएसओबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. प्रकाश फक्त अॅपर्चर आणि शटर ठरवतात. त्यामुळे अंतिम चित्राच्या सावल्यांमध्ये किती नॉइज असेल हे मुख्यतः सर्वांत उजळ फ्रेमने किती वेळ प्रकाश गोळा केला यावर अवलंबून असते. १/८ ही मर्यादा असेल तर ती पूर्ण वापरावी. उजेड असतानाही केवळ सवयीने आयएसओ १६०० ठेवून उजळ फ्रेम १/६०ला घेतली तर तीन स्टॉप प्रकाश विनाकारण वाया जातो. अशा ठिकाणी आयएसओ २००वर आणून तीच फ्रेम १/८ला घ्यावी.

खिडकीबाहेरचे दृश्यही हवे असेल तर वरच्या उदाहरणातल्या तीन फ्रेम पुरत नाहीत. बाहेर कडक ऊन असेल तर ते दालनापेक्षा १० स्टॉप उजळ असू शकते, आणि आपली सर्वांत गडद फ्रेम मधलीपेक्षा दोनच स्टॉप खाली आहे. त्यासाठी दुसरी मालिका घ्यावी, जिच्या फ्रेम मधलीपेक्षा चार, सहा आणि आठ स्टॉप खाली असतील. आयएसओ १६००लाच हे करायचे तर १/५००, १/२००० आणि १/८००० असे वेग लागतील. पण आयएसओ १००वर आणला की हेच एक्स्पोजर १/३०, १/१२५ आणि १/५०० या वेगांना मिळते. हे तिन्ही वेग हाताला सोपे आहेत आणि फ्रेमही अधिक स्वच्छ येतात. यासाठी कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून १/१२५ हा मधला वेग बसवावा आणि त्याभोवती दोन-दोन स्टॉपचे ब्रॅकेटिंग (ठरावीक फरकाच्या फ्रेमची मालिका आपोआप घेण्याची सोय) लावावे, कारण अनेक कॅमेऱ्यांचे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजळ किंवा गडद फ्रेम घेण्याची सोय) इतके खाली जात नाही. दोन मालिकांत मिळून सहा फ्रेम होतात आणि त्यांच्यातले अंतर सगळीकडे दोन स्टॉपचे राहते. एवढे करूनही उन्हातली पांढरी भिंत सर्वांत गडद फ्रेममध्ये जळू शकते, परंतु झाडांची पाने, सावलीतला रस्ता आणि आकाशाचा बराच भाग टिकतो, आणि अंतर्भागाच्या चित्रात खिडकीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये असे माझे मत आहे.

कॅमेऱ्यातली मांडणी

मालिकेतल्या फ्रेममध्ये फक्त शटर स्पीड बदलला पाहिजे. अॅपर्चर बदलले तर डेप्थ ऑफ फील्ड (जवळून दूरपर्यंत स्पष्ट येणारा पट्टा) बदलते आणि कडा जुळत नाहीत, म्हणून अॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल मोड वापरावा. ऑटो आयएसओ बंद करावा; तो चालू राहिला तर काही कॅमेरे ब्रॅकेटिंगमध्ये शटरऐवजी आयएसओच वरखाली करतात आणि सगळा हिशेब वाया जातो. फ्रेम रॉ स्वरूपात घ्याव्यात. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार पांढरा रंग ठरवणारी मांडणी) रॉमध्ये नंतर बदलता येतो, तरी तो एका ठरावीक मूल्यावर ठेवावा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्रेमची तुलना करताना रंग फसवत नाहीत.

फोकस एकदा साधून मग मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर गडद फ्रेमच्या वेळी कॅमेरा पुन्हा फोकस शोधू लागतो. वाइड लेन्सला यात फारसे अडत नाही. फुल फ्रेम सेन्सरवर १६ मिमी लेन्स एफ/५.६ला सुमारे १.५ मीटरवर फोकस केली की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. एफ/४ला हेच अंतर सुमारे २.१ मीटर होते आणि स्पष्टता साधारण १ मीटरपासून सुरू होते. त्यामुळे हातातल्या छायाचित्रणासाठी एफ/८ किंवा एफ/११चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. एफ/४ किंवा एफ/५.६ला मिळणारा एक-दोन स्टॉप प्रकाश इथे कोपऱ्यांतल्या किंचित वाढीव धारदारपणापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

ब्रॅकेटिंगसोबत कंटिन्युअस म्हणजे सलग फ्रेम घेण्याचा वेगवान मोड लावावा आणि मालिका पूर्ण होईपर्यंत शटरचे बटण दाबून धरावे. बहुतेक कॅमेरे ठरलेल्या फ्रेम झाल्या की आपोआप थांबतात. सेकंदाला आठ फ्रेम घेणारा कॅमेरा तीन फ्रेमची मालिका अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपवतो, आणि तेवढ्या वेळात हात फारसा सरकत नाही. फ्रेमचा क्रम बदलण्याची सोय असेल तर गडदपासून उजळपर्यंत असा क्रम ठेवावा. बटण दाबतानाचा धक्का पहिल्या फ्रेमला सर्वांत जास्त बसतो, आणि गडद फ्रेमचा शटर स्पीड वेगवान असल्यामुळे ती तो सहन करते.

गडद फ्रेम पुरेशी गडद आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. हायलाइटचा इशारा देणारी लुकलुक चालू ठेवावी आणि हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजळतेचा आलेख) पाहावा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. रंगीत काचांची खिडकी असेल तर एकत्रित हिस्टोग्राम निर्धोक दिसत असतानाही लाल किंवा निळा रंग स्वतंत्रपणे उजव्या टोकाला जाऊन आपटलेला असतो. मग जोडलेल्या चित्रात त्या काचेतली छटांची उतरण नाहीशी होऊन एकसारखा लाल पट्टा उरतो. अशा खिडक्यांसाठी एक जादा गडद फ्रेम घेऊन ठेवावी.

जागा आणि वेळ

छायाचित्रकार कुठे उभा आहे यावर एचडीआरचे अर्धे यश ठरते. सर्वांत प्रखर खिडकी एखाद्या खांबाआड गेली तर दृश्यातला फरक दोन-तीन स्टॉपने कमी होतो आणि तिच्यातून येणारा प्रकाश मात्र फरशीवर, भिंतीवर तसाच खेळत राहतो. ढगाळ दिवस आणि सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ या दोन्ही वेळी बाहेरचा उजेड आतल्या दिव्यांच्या जवळ येतो. संध्याकाळी काही मिनिटे अशी येतात की एकाच रॉ फ्रेममध्ये दोन्ही सामावतात. परवानगी आणि सवड असेल तर त्या वेळेची वाट पाहावी.

लेन्समधला प्रकाशाचा विखुरलेपणा हा सहसा दुर्लक्षित राहणारा विषय आहे. प्रखर खिडकी चौकटीत असताना तिचा काही प्रकाश काचांच्या पृष्ठभागांवर आपटून संपूर्ण चित्रावर धुक्यासारखा पसरतो आणि सावल्या फिकट होतात. हा प्रकाश सेन्सरवर पोहोचलेलाच असल्यामुळे कितीही फ्रेम जोडल्या तरी तो निघत नाही. म्हणून लेन्सची पुढची काच मऊ कापडाने स्वच्छ पुसावी, संरक्षक फिल्टर काढून ठेवावा, आणि खिडकी चौकटीच्या किंचित बाहेर असेल तर लेन्स हूड लावून तिचा तिरका प्रकाश अडवावा. बोटाचा एक पुसट ठसाही खिडकीभोवती तेजाचे वलय निर्माण करायला पुरतो.

जवळच्या वस्तूंकडेही लक्ष हवे. दोन फ्रेमच्या मध्ये कॅमेरा नुसता वळला तर प्रोग्राम ते फिरणे भरून काढू शकतो, पण कॅमेरा जागेवरून सरकला तर जवळचा खांब दूरच्या भिंतीच्या तुलनेत हलतो आणि तो फरक कोणत्याही साध्या जुळणीने मिटत नाही. अर्ध्या मीटरवरचे बाक किंवा कठडा चौकटीत घेतला की दोन-तीन सेंटिमीटरचे डोलणेही दिसू लागते. हातात कॅमेरा असताना सर्वांत जवळची वस्तू दोन मीटरपलीकडे राहील अशी जागा निवडावी.

कॅमेरा धरताना

पाय खांद्याइतके फाकवून उभे राहावे, कोपरे छातीला टेकवावीत, डावा तळवा लेन्सखाली असावा आणि व्ह्यूफाइंडर कपाळाला टेकलेला असावा. श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभर विसावा असतो त्यात बटण हलकेच दाबावे. याहून चांगले म्हणजे आधार घ्यावा. भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकली तर पुढेमागे डोलणे जवळजवळ थांबते. जमिनीवर बसून कोपरे गुडघ्यांवर टेकवली तर आणखी एक स्टॉप सहज मिळतो. जुन्या वास्तूत खांबाला किंवा भिंतीला टेकताना रंगकाम, चित्रे आणि कोरीवकाम यांना स्पर्श होणार नाही याची काळजी घेणे हे चित्रापेक्षा महत्त्वाचे आहे. कठड्यावर, बाकावर किंवा थेट फरशीवर कॅमेरा ठेवायला मिळाला तर दोन सेकंदांचा टायमर लावावा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत टायमरसह पूर्ण मालिका आपोआप घेतली जाते.

व्ह्यूफाइंडरमधली आडवी-उभी पातळी दाखवणारी रेघ चालू ठेवावी. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की खांब आत झुकलेले दिसतात. ते नंतर सरळ करता येतात, पण त्यात कडा कापल्या जातात आणि जुळणीतही थोडी कड जातेच. त्यामुळे हवी त्यापेक्षा सर्व बाजूंनी थोडी मोकळी चौकट घ्यावी. प्रत्येक दृश्याच्या दोन किंवा तीन मालिका घ्याव्यात, आणि दोन दृश्यांच्या मध्ये स्वतःच्या तळहाताची एक फ्रेम घेऊन ठेवावी. शेकडो फ्रेममधून मालिका वेगळ्या करताना या खुणेचा फार उपयोग होतो.

उजेड इतका कमी असेल की १/८लाही पुरेसा प्रकाश मिळत नाही, तर त्या उजळ फ्रेमच्याच चार प्रती सलग घ्याव्यात. जुळवून त्यांची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो, कारण तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली मोबाइल कॅमेऱ्यांसाठी मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात कमी-अधिक एक्स्पोजर न घेता एकसारख्या, मुद्दाम अंडर ठेवलेल्या अनेक फ्रेम घेऊन जोडल्या जातात.

दिवे आणि माणसे

एलईडी आणि ट्यूबलाइट एकसारखे तेवत नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेवर त्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झच्या विजेवर १२० वेळा कमी-जास्त होतो. १/१००पेक्षा वेगवान शटरच्या फ्रेममध्ये या चक्राचा एक तुकडाच पकडला जातो, त्यामुळे फ्रेमची उजळता आणि रंग अनपेक्षितपणे बदलतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर आडवे पट्टेही येतात. अशा दालनात मेकॅनिकल शटर वापरावे, आणि गडद फ्रेम शक्य तितकी १/५० किंवा १/१००ला बसेल असा आयएसओ निवडावा. वर सांगितलेली, आयएसओ १००ला घ्यायची दुसरी मालिका इथे दुहेरी उपयोगाची ठरते.

माणसे चौकटीतून जात असतील तर थांबावे. थांबूनही जागा मोकळी होत नसेल तर एकाच जागेवरून थोड्या थोड्या वेळाने अनेक मालिका घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक कोपरा कुठल्या ना कुठल्या मालिकेत रिकामा सापडतो. फिरता पंखा, हलणारा पडदा आणि मेणबत्तीची ज्योत यांचे तपशील मात्र नंतर एकाच फ्रेममधून घ्यावे लागतात.

जोडणी

जोडण्यापूर्वी प्रत्येक फ्रेम १०० टक्के मोठी करून पाहावी. उजळ फ्रेम हललेली असेल तर तिला मोह न ठेवता बाजूला काढावे. तिच्याविना जोडलेल्या चित्राच्या सावल्यांत थोडा नॉइज येईल, पण तो नंतर कमी करता येतो, हललेल्या कडा मात्र परत येत नाहीत.

जुळणीचे काम प्रोग्राम कसे करतो हे ठाऊक असले की ते कुठे फसेल याचा अंदाज येतो. उजळ आणि गडद फ्रेममध्ये कडा वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, त्यामुळे नुसत्या कडा ताडून त्या नीट जुळत नाहीत. ग्रेग वॉर्ड यांनी २००३ साली खास हातात धरून घेतलेल्या फ्रेमसाठी जी पद्धत मांडली तिच्यात प्रत्येक फ्रेम तिच्याच मध्यम उजळतेच्या वर आणि खाली अशी दोन भागांत विभागून काळ्या-पांढऱ्या नकाशात बदलली जाते. एक्स्पोजर काहीही असले तरी हा नकाशा जवळपास सारखाच येतो आणि मग तो सरकवून जुळवता येतो. यावरूनच लक्षात येते की एखादी फ्रेम जवळजवळ पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी असेल तर तिच्यात जुळवायला काही उरत नाही. म्हणून लगतच्या फ्रेममधले अंतर दोन स्टॉपचे, फार तर तीनचे असावे.

जोडण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीत फ्रेममधून दृश्यातल्या खऱ्या प्रकाशाचे प्रमाण काढून एकच विस्तृत फाइल तयार होते आणि मग तिची उजळता पडद्यावर मावेल अशी उतरवावी लागते. छायाचित्रांमधून असे प्रमाण काढण्याची पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांची १९९७ची पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. दुसरीत ही मधली पायरी गाळून प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला भाग थेट मिसळला जातो. ही पद्धत टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी २००७ साली मांडली आणि एनफ्यूज हा मोफत प्रोग्राम तिच्यावरच आधारलेला आहे. हातातल्या फ्रेम आधी हगिन या मोफत प्रोग्रामसोबत मिळणाऱ्या जुळणीच्या साधनातून काढून मग एनफ्यूजला दिल्या तर एक पैसाही न खर्चता अतिशय नैसर्गिक चित्र मिळते. लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये २०१५पासून असलेली जोडणी पहिल्या वाटेची आहे आणि तिच्यातून डीएनजी ही रॉसारखी फाइल निघते. तिचा फायदा असा की जोडल्यानंतरही रॉप्रमाणे व्हाइट बॅलन्स बदलता येतो. तिथे स्वयंचलित जुळणी चालू ठेवावी, आणि भुतासारख्या दुहेरी आकृत्या काढण्याची मात्रा आधी शून्यावर ठेवून चित्र पाहावे. गरज पडली तरच ती कमी पातळीवर चालू करावी, कारण ज्या भागात ती लागू होते तिथला तपशील एकाच फ्रेममधून येतो आणि तिथे नॉइज उठून दिसतो.

उजेडाचा क्रम

जोडलेल्या फाइलमध्ये सगळा तपशील हाताशी आल्यावर तो सगळाच दाखवण्याची इच्छा होते, आणि एचडीआरची बहुतेक चित्रे याच टप्प्यावर खोटी दिसू लागतात. दृश्यात खिडकी सर्वांत उजळ होती, मग फरशीवरचा कवडसा, मग भिंत, मग छत, आणि खांबामागचा कोपरा सर्वांत गडद. त्यांच्यातले अंतर कमी केले तरी चालते, पण हा क्रम उलटता कामा नये. खिडकीबाहेरचे आकाश आतल्या भिंतीपेक्षा गडद झाले की उजेड कुठून येतो आहे हेच पाहणाऱ्याला कळेनासे होते. मी खिडकी भिंतीपेक्षा निदान एक-दीड स्टॉप उजळ ठेवते आणि एखादा कोपरा काळाच राहू देते, कारण दालनाची खोली त्या काळोखामुळेच जाणवते.

हायलाइट खाली आणणे आणि सावल्या उचलणे हे दोन स्लायडर टोकापर्यंत नेले की खिडकीच्या चौकटीभोवती फिकट वलय उमटते आणि भिंती राखाडी, सपाट दिसतात. वलय दिसू लागले की दोन्ही मागे घ्यावेत आणि उरलेले काम ब्रशने किंवा मास्कने त्या-त्या भागापुरते करावे. क्लॅरिटी आणि टेक्श्चर या तपशील उठावदार करणाऱ्या स्लायडरचा वापर दगडी कोरीवकामावर थोडा खुलतो, गिलाव्याच्या भिंतीवर मात्र डाग दिसू लागतात. खिडकीच्या गजांभोवतीच्या जांभळ्या-हिरव्या कडा काढून टाकाव्यात, कारण एचडीआरमध्ये त्या नेहमीपेक्षा ठळक होतात.

रंगांचा प्रश्न सर्वांत शेवटी हाताळावा. दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा आणि पिवळ्या दिव्यांचा २७०० ते ३००० केल्विनचा असतो, त्यामुळे एकाच्या हिशेबाने व्हाइट बॅलन्स लावला की दुसरा निळा किंवा नारिंगी पडतो. संपूर्ण चित्र या दोहोंच्या मध्ये, थोडे उबदार बाजूला ठेवावे आणि खिडकीजवळचा निळेपणा मास्क लावून अर्धाच कमी करावा. तो पूर्ण पुसला तर दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांतला फरकच नाहीसा होतो. खांब सरळ करणे आणि कडा कापणे हे काम यानंतर करावे. मूळ रॉ फ्रेम पुसून न टाकता जोडलेल्या फाइलसोबत ठेवाव्यात, कारण जोडणीचे प्रोग्राम सुधारत जातात आणि आज न जुळलेली मालिका पुढच्या आवृत्तीत जुळू शकते.